मिस कोराचं नाव

माझ्या प्रिय ऑनिका,

परवा फोन ठेवताना तू नाक ओढत होतीस, ते मला इथे आयलंड हार्बरला ऐकू आलं. म्हणून आधी पोटभर जेव, मग हे वाच. मी जेवूनच बसलेय. शेवंड भाजली होती आणि तुरीच्या दाण्यांचा भात. तिकडे स्लाउच्या थंडीत तुला कुठलं मिळायला.

अक्षर वाकडं आहे, चालवून घे. दुसरीतच शाळा सुटली माझी. तुझी पणजी, मिस कोरा, चर्चच्या पायरीवर चारचौघींत सांगायची, 'सून कामाला वाघीण आहे, पण साधं नाव लिहिता येत नाही.' तुझ्या आजोबांनी शर्यतीची होडी बांधली आणि तिला नाव कोणाचं दिलं? आईचं. बायको समोर उभी, हातात रंगाचा डबा. सासूबाई गेल्या तरी सुटका नाही. दर ऑगस्टला अख्खा किनारा ओरडायचा, 'चल मिस कोरा, ओढ मिस कोरा', आणि मी आपली कढईपाशी जॉनी केक तळत गप्प. एकदाही ओरडले नाही. तुझा आजोबा हेडली विचारायचा, 'घसा बसलाय का गं?' मी म्हणायचे, 'हो, लग्नापासून.'

तुला माहीतच आहे, आपल्या घरात होडी मोडली तरी नाव मोडत नाही. नवी होडी पाण्यात उतरते तेव्हा घरातली थोरली बाई ते नाव तिला देते. हेडली गेला, होडी वादळाने नेली, नाव माझ्याकडे राहिलं. किती जण मागायला आले. एकाला तर ते हॉटेलच्या पाटीवर हवं होतं. मी म्हटलं, हे नाव पळायचं आहे, टांगायचं नाही.

मग तू विचारलंस, 'आजी, परगावी गेलेल्या आपल्या माणसांना शर्यत ऐकवायला वेबसाइट काढतेय, तिला मिस कोरा म्हणू?' मी 'बघू' म्हटलं. मला वाटलं, वेबसाइट काय पाण्यात उतरते? डॉट कॉमवालं नाव कुणा बाहुल्या विकणारणीने घेतलेलं, पण मागे आपल्या बेटाची दोन अक्षरं लावली तर मोकळं, हे तूच सांगितलंस. तुझा साहेब म्हणाला, 'लांबलचक असलं तरी डॉट कॉमच घे, बेटाचं शेपूट कोण लक्षात ठेवतो.' तू त्याचं ऐकलं नाहीस, आणि माझ्या होकाराशिवाय त्या नावाला हातही लावला नाहीस. आणि परवा पाहिलंस तर नाव गेलेलं. शर्यती तोंडावर, आणि आता ते लांबलचक घ्यायचं म्हणून रडलीस.

आता रुपर्टच्या दुकानातली गंमत ऐक. पीठ आणायला गेले होते. तो पेपर वाचत म्हणाला, 'मावशी, जगातले सगळे हुशार यंत्रं बनवणारे आपल्या दोन अक्षरांमागे लागलेत. त्यांच्या यंत्राला एआय म्हणतात आणि आपलं बेटही वेबसाइटच्या नावामागे तेच लावतं. छोटी, तोंडात बसणारी नावं भराभर चाललीत.' मी म्हटलं, 'जाऊ देत, मला काय त्याचं.' तर म्हणतो, 'उद्या एखादं यंत्र स्वतःला मिस कोरा म्हणवेल. बसल्या जागी सगळ्यांना अक्कल शिकवेल.' तशा सासूबाई काही वेगळं करत नव्हत्या. पण माझ्या हातातलं पीठ सांडलं.

मग त्याला बसवून सगळं विचारून घेतलं. नाव घ्यायचं, दर दोन वर्षांनी पैसे भरायचे, विसरलं की दोर सुटला, दुसरा कोणी ओढून नेणार. अगं, हे तर होडीसारखंच. आणि शेपूट कसलं? लांबून शीड दिसलं की कुठल्या गावची होडी ते आपण ओळखतो ना? स्लाउमधला आपला माणूस ती दोन अक्षरं बघेल आणि खुर्ची पुढे ओढेल. तुझ्या साहेबाला सांग.

तर पोरी, ते नाव पळवणारी चोरटी मी आहे. त्याच दिवशी घेतलं, पैसे कुठून आणले ते विचारू नकोस. रुपर्ट म्हणाला, 'मी टाइप करतो, मावशी.' मी म्हटलं, 'सरक तिकडे.' एकेक अक्षर शोधून, एका बोटाने, सासूबाईंचं अख्खं नाव मी स्वतः लिहिलं, चूक एकही नाही. चर्चच्या पायरीवर तेव्हा कोणी नव्हतं, नाहीतर ऐकवलं असतं. तू फोनवर रडत होतीस तेव्हा जीभ चावून गप्प बसले, कारण नाव फोनवर देत नाहीत, हातात देतात. रुपर्टचं तोंड बंद ठेवायला रोज जॉनी केक चारतेय, त्याचं पोट सुटलं. नाव हातातच द्यायचं, म्हणून हे पत्र स्लाउला निघालेल्या शेजारणीच्या हाती देतेय. मी, घरातली थोरली बाई, मिस कोरा हे नाव तुला देते. उतरव पाण्यात. ऑगस्टला कढई दुसऱ्या कुणाकडे देईन, आणि तुझ्या वेबसाइटवर किनाऱ्यावरून एक म्हातारी सगळ्यांच्या वर ओरडताना ऐकू आली, की समज घसा सुटला.

तुझीच आजी,
मिस कोराची सून
युलाली