नेरेआच्या आजीची वाट

४ सप्टेंबर
कॅन्टीनमध्ये भारी सापडलं. नेरेआ (लॅबमध्ये माझ्या शेजारी बसते, स्पेनमधल्या अस्तुरियासची) घरच्या अस्तुरियन भाषेत वाटेला 'कामीन' म्हणते. लॅबमधल्याच गॅरेथच्या वेल्श भाषेत पावलाला 'कम'. मूळ एकच, जुनं केल्टिक. वेल्शनं ते घरातच सांभाळलं, अस्तुरियनकडे लॅटिनच्या पाठीवर बसून आलं. गॅरेथ म्हणाला, "पाऊल आमचं, वाट तुमची. चला मग!"
नेरेआ हसली नाही. नंतर लिफ्टपाशी मला एकटीला सांगितलं. तिच्या आजीनं लहानपणी शाळेत स्पॅनिशऐवजी 'कामीन' म्हटलं म्हणून बाईंनी भर वर्गात गुडघ्यांवर बसवलं. भीतीनं तिचे कपडे ओले झाले. पुन्हा घराबाहेर ती भाषा बोलली नाही.
"हे लिहू नकोस हं."
छे, म्हणाले.

११ सप्टें.
लिहिलं. एका दमात, एकही पूर्णविराम नाही. नाव नेरेआच ठेवलं, बदललं की लय जात होती. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाला दिलं. मराठीत आहे, इथे वाचून वाचून कोण वाचणार, आमच्या सेंगकांग वस्तीतल्या चार काकू?

१५ सप्टें.
संपादक कुलकर्णी काकूंचा फोन. "अगं, ते कपडे ओले होण्याचं वाचून रडले मी. खरंय का गं?"
"खरंय," म्हणाले. ऐटीत. शी.

१७ ऑक्टो.
अंक आला. लॅबमध्ये टेबलावर ठेवला, दिसावा म्हणून. चहा घेऊन आले तर नेरेआ त्यावर मोबाइल धरून उभी. कॅमेरा भाषांतर करतो. हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या दुकानांच्या चिनी पाट्या मी रोज अशाच वाचते, आणि तरी...
"हे माझं नाव ना?"
हो.
शेवटपर्यंत वाचलं. मी कप धरून. मग एवढंच, "आईलासुद्धा माहीत नाही हे."

१८ ऑक्टो.
माफीचा मेसेज चारदा लिहून खोडला. दर वेळी वाक्य छान जमत होतं.

२० ऑक्टो.
काकूंना म्हटलं, शनिवारी मंडळाच्या कार्यक्रमात मी ते वाचणार नाही, अंकही परत घ्या. "वेड लागलंय का? वाटून झाले. आणि आपलीच तर माणसं, तिला काय कळणार आहे?"
माझंच वाक्य.

२५ ऑक्टो., शनि.
एलआरटी ट्रेनमध्ये लिहितेय. नेरेआ समोर बसलीये. गुरुवारी स्वतःच म्हणाली, कार्यक्रमाला येते, ऐकायचंय. काकूंसाठी संत्री आणलीत.
मगाशी तिनं विचारलं, आजीला तुमच्यात काय म्हणतात, ऐकताना ओळखू यायला हवं. सांगितलं. दोनदा म्हणून बघितलं तिनं, हळू.
वाचायची पानं पर्समध्ये आहेत. पुढचं स्टेशन आमचं.