भिंगरीचा रडका फोटो

लिहून ठेवते ती मी, खाली जिची सही आहे ती. वय एकसष्ट, धंदा गाद्या शिवण्याचा, डोकं ठिकाणावर. डॉक्टरांनी डोकं सोडून सगळं तपासलं, म्हणून हे मीच सांगते. उद्या सकाळी माझी एक किडनी काढून माझ्या नातीला, भिंगरीला, बसवणार आहेत. टेबलावरून मी उठले नाही, तर पुढीलप्रमाणे व्हावे.

दोन खोल्यांचं घर लेकीच्या एकटीच्या नावे. जावईबापूंनी त्यात राहावे, मालकी गाजवू नये.

थोरल्या मुलाला काही नाही. ऑपरेशनसाठी आम्ही फोनवर परक्यांपुढे हात पसरले, तेव्हा यानं नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं. त्याला माझ्याकडूनही अंगठाच.

आता फोटो. पहिल्या फोटोत भिंगरी हसत होती. तिला हसायला कारण लागत नाही. कोणी छदाम दिला नाही. जावई म्हणाले, "आई, हसऱ्या पोरीला कोण देणार?" आणि स्वतःच्याच लेकीच्या दंडाला चिमटा काढून दुसरा फोटो घेतला. आठवड्यात पैसे जमले. चिमट्यानं काम केलं, हे मला मान्य. पण पोरगी अजून फोन दिसला की दोन्ही हात पाठीमागे लपवते.

(नर्स परत रक्त घेऊन गेली. म्हटलं, उद्यासाठी थोडं ठेवा.)

तो फोटो सगळीकडून पुसल्याशिवाय जावयाने माझा उंबरठा ओलांडू नये. मी मेले म्हणून माझा फोटो टाकून आणखी मागू नये.

शिलाई मशीन आणि दाभण लेकीला. दाभण गाद्यांसाठी. नवरा पुन्हा चिमटा काढायला लागला, तर त्यासाठीही चालेल.

किडनी या कागदात धरू नये, ती मी जिवंतपणी दिली आहे. भिंगरीनं हट्ट केला, उलट बोलली, तरी "आजीनं दिलीय" असं तिला कोणी ऐकवायचं नाही.

शेवटचं. ती बरी झाली की ज्यांनी पैसे दिले त्या सगळ्यांना तिचा नवा फोटो पाठवावा. हस म्हणू नये. फोन समोर धरावा आणि तिचे हात आपणहून पुढे येईपर्यंत थांबावे. कितीही वेळ लागो.

साक्षीदार : १. शेजारच्या खाटेवरच्या बाई (सही)
२. रक्त नेणारी नर्स (सही)

लिहून देणार : भिंगरीची आजी (सही. अंगठा थोरल्याला दिला आहे.)

ठिकाण : दवाखाना, खिडकीजवळची खाट
तारीख : ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची, दुपार