आंदणात न देता येणारा एन्लार्जर

सिंदी (रेल्वे),
१४ डिसेंबर १९९६

ती. लक्ष्मणमामांना,

कुंदाचा नमस्कार. तुमचा गुडघा बरा असेल, आणि नसला तरी तसं तुम्ही मामीला सांगितलं नसेलच. (तेल लावत जा.) इकडे सर्व ठीक. फक्त बाबा माझ्याशी बोलत नाहीत.

कारण एन्लार्जर. निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचं हे यंत्र बाबांनी मला हौसेने घेऊन दिलं, पण निवडलं माझ्या लग्नाच्या हिशेबाने. नागपुरात एक स्टुडिओ बंद होत होता. तिथे दोन यंत्रं होती: एक लाकडी पाटावर उभं, दुसरं भिंतीला बोल्टने आवळायचं. बाबांनी पहिलं एका हाताने उचलून पाहिलं आणि पसंत केलं. (लेन्सकडे पाहिलंच नाही.) का, तर आंदणात देता येतं. घरामागून मालगाड्या जातात, टेबल थरथरेल, फोटो हलेल, हे मी सांगून पाहिलं. पहिलाच फोटो शकुंतलाआत्याचा. कागदावर उजेड पडत असतानाच कोळशाची गाडी गेली आणि आत्याला दोन नथी आल्या. ती म्हणाली, "आता यातली एक तरी खरी दे वं माय!"

मी यंत्र बदलून आणलं आणि मिस्त्री बोलावून आतल्या जाड भिंतीत पक्कं बसवलं. बाबा दुकानातून आले, बघतच राहिले. "काऊन वं? आता पाव्हण्याईले काय सांगू, पोरीसंग भिंत देतो म्हणून?" मी शांतपणे सांगितलं, यंत्र इथून हलणार नाही, तेव्हा मीही हलणार नाही. गावातल्या लग्नांचे फोटो आता माझ्याकडे येतात. हे काम मी सोडणार नाही.

तरी रविवारी रोहणा गावचे पाहुणे मला पाहायला आलेच. बाबांनी यंत्रावर चादर टाकून ठेवली होती. मुलाने (नाव योगेंद्र) ती उचलली आणि यंत्राच्या खांबावर हात ठेवला. तेवढ्यात मालगाडी आली. शेवटचा डबा जाईपर्यंत त्याने हात काढला नाही. मग म्हणाला, "हालत नाई." पोळ्या येतात का, वगैरे काहीही विचारलं नाही. (निरीक्षण बरोबर होतं, एवढंच मी म्हणेन.)

माझा निर्णय कायम आहे. भिंतीवरचंच यंत्र योग्य आणि मी सिंदीतच राहणार, हे तुम्ही येऊन बाबांना समजवा.

तुमची भाची,
कुंदा

ता. क. समजवायची तशी घाई नाही.

आणखी एक. तुमचे साडू वीज मंडळात आहेत. रोहण्याला संध्याकाळी व्होल्टेज किती राहतं, ते त्यांना विचारून कळवा. दिवा मंद झाला की फोटो फिका येतो. चौकशी निव्वळ तांत्रिक आहे. आईला सांगू नये.