दिग्विजयची रजा

३ फेब्रुवारी
अकरा टाके! ऊसतोड टोळीपुढं मिरवायला कोयता हातात घेतला आणि पहिल्याच सरीत स्वतःच्या पायावर घातला. बारामतीच्या डॉक्टरनं विचारलं, "नेव्हीत काय करता?" म्हटलं, जहाजावर स्टोअर सांभाळतो. "मग तेच सांभाळायचं ना!"
खरंय त्याचं. आई मात्र खूश — "चार दिस जास्त राहशील."

६ फेब्रुवारी
युद्ध सुरू झालं. सगळ्यांच्या रजा रद्द. तळावर फोन केला, तर म्हणे पाय बरा झाल्यावर ये, जहाज निघालंय. 'मंडूक' माझ्याविना गेलं! स्टोअरला आता एकटा दिग्विजय.
खरं तर ही रजा त्याची. आम्ही दोघंच, एका वेळी एकालाच सुट्टी, आणि त्याची मंजूर होती. पण आमच्या उसाला तोडीची तारीख आली. आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, टोळीपुढं उभं राहायला माणूस नाही. तारीख हुकली की टोळी थेट एप्रिलात, तोवर तुरा येऊन ऊस पोकळ. दिग्विजय आधी नाहीच म्हणाला. दुसऱ्या दिवशी आपणहून आला — "अविराज, जा रं तू. आमचं भवानीनगर काय पळून जातंय?"

९ फेब्रुवारी
त्याचा आवाज आला मोबाईलवर! कुठं आहे ते सांगत नाही. "दोन फेऱ्या झाल्या. तुझं स्टोअर म्हंजे उकिरडा हाय, साखर सापडंना!" हसत होता.
मंडूकचं काम असंच. तोंड थेट किनाऱ्याच्या वाळूवर टेकवायचं, पुढचं दार उघडायचं, पीठ, डिझेल, गाड्या, सगळं उतरवायचं. तोफा नावापुरत्या. दार उघडं असताना जहाज जागचं हलत नाही — हे घरात कुणाला सांगू?

११ फेब्रुवारी
टीव्ही बघवत नाही. बंदही करवत नाही.

१२ फेब्रुवारी
मंडूक गेलं.
माल उतरवताना क्षेपणास्त्र लागलं. बावीस जण जिवंत सापडलेत, बाकीच्यांचा शोध चालू. नावं नाहीत. तळाचा फोन लागत नाही. आबा नुसता पाठीवरून हात फिरवत बसले. आईनं देवापुढं साखर ठेवली. "माझं लेकरू वाचलं." ओरडलो तिच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा!

१३ फेब्रुवारी
गेणबातात्या आले, दिग्विजयचे वडील. कारखान्यात चिटबॉय आहेत, कुणाच्या शेतात टोळी कधी जाणार ते हेच कळवतात. मोटारसायकल लावून उंबऱ्यातच बसले.
"त्यो जहाजात कुठं असंल रं?"
"स्टोअर खाली असतं, तात्या. तळाला."
"वर यायला शिड्या किती?"
"दोन."
मान हलवत राहिले. खोटं का नाही बोललो मी! शिड्यांचं खरं सांगितलं आणि रजेचं गिळलं.

१४ फेब्रुवारी
तात्या परत आले. चहा घेतला नाही. माझ्या पायाच्या पट्टीकडं बघत बसले. काहीतरी बोलणार असं वाटलं, मग उठून गेले. कळलं असेल का त्यांना? मीच तोंड उघडायला हवं होतं. भित्रा आहे मी, भित्रा!

१६ फेब्रुवारी
शोध थांबवला. सापडलेल्यांच्या यादीत दिग्विजय नाही. तीनदा वाचली.
आई म्हणते, "सांगून काय व्हणार? त्यांच्या डोक्यात राग तेवढा राहील."
राहू दे. राग तर राग. पण मला त्यांच्याकडं वर बघता आलं पाहिजे.

१८ फेब्रुवारी
भवानीनगरच्या फाट्यापर्यंत गेलो. परत आलो.

१९ फेब्रुवारी
सांगितलं. दिग्विजयची आई, कौसल्याकाकू, आत होत्या, तात्या ओट्यावर. "तात्या, ती रजा दिग्विजयची होती. मी घेतली."
"ठावं हाय," म्हणाले. "त्यो घरी येतोच म्हणत हुता. मीच फोनवर म्हणलं, 'थांब पंधरा दिस. अविराजच्या उसाची तारीख मीच लिवलीया.'" मग आत बघितलं आणि माझा हात घट्ट धरला. "हिला न्हाय सांगितलं. तू बी सांगू नगंस."
काकू चहा घेऊन बाहेर आल्या. "काय बोलताय रं दोघं?"
म्हटलं, "उसाचं."