चाळीसपैकी किती मेल्या

१० जानेवारी १९९४
दादा आजपासून अळ्यांकडे. मिल बंद पडल्यापासून दोन वर्षं घरात बसून होता. शेवटी अच्युत सरांच्या मागे लागून मी त्याला आमच्या कीटकनाशकांच्या प्रयोगशाळेत चिकटवलं. ट्रे धुवायचे, अळ्यांना एरंडीची पानं घालायची. नाकाला रुमाल बांधून म्हणाला, "शुभे, बावीस साल लूमवर काढली, आता कीडे पाळतोय." हसलो दोघं.

२७ जानेवारी
नव्या औषधाची पहिली चाचणी, आता दर आठवड्याला एक. परदेशी कंपनीशी करार झाल्यापासून सरांचे पाय जमिनीवर नाहीत. जुलैत औषध बाजारात आणायचंय, सोयाबीनसाठी. फवारलेल्या पानांवर चाळीस अळ्या सोडल्या होत्या. तीन दिवसांत अडतीस मेल्या. उरलेल्या साबणाच्या पाण्यात टाकून दे, म्हणून दादाला सांगितलं.

१९ फेब्रुवारी
अळ्यांना रोग लागला. काळ्या पडून उलट्या लटकतात. निम्मे ट्रे रिकामे. दादा म्हणतो, तू टेन्शन नको घेऊ, मी बघतो.

३० मार्च
ट्रे पुन्हा भरले! अळ्या कशा गुबगुबीत. सरांनी दादाची पाठ थोपटली. किती दिवसांनी त्याचा चेहरा असा पाहिला.
चाचणीत एकतीस मेल्या. मात्रा पुन्हा मोजली. बरोबर होती.

४ मे
बावीस.

६ जून
सोळा. सर चिडले. "शुभदाजी, आपके हाथ की गलती है. औषध बनवता येत नसेल तर तसं सांगा." आठ वर्षांत असं कधी बोलले नव्हते. नोकरी जाणार असं दिसतंय. औषध मी तीनदा नवं बनवलं. भीती वाटते. नुसती नोकरीची नाही, त्या अळ्यांचीही. फवारलेलं पान खाऊन वर सरकतात.

१० जून
कळलं. चाचणी आटोपल्यावर काही विसरलं म्हणून परत आत गेले, तर दादा उरलेल्या अळ्या ब्रशने हळूच उचलून ताज्या पानांवर ठेवत होता.
"हे काय करतोस?"
"अगं, इतकी दवा खाऊन पण जे वाचले, तेच तर असली माल. फेकायचे कशाला?"
"कधीपासून?"
"ती बीमारी आली ना, तेव्हापासून. माल कमी पडत होता तुमचा."
मिलमध्ये चांगलं सूत कधी फेकलं नाही त्याने. इथेही नाही फेकलं. औषध पचवणाऱ्या तेवढ्या निवडून त्यांचीच पिलावळ वाढवली, पिढीमागून पिढी. आणि उरलेल्या का मारायच्या, ते मी त्याला कधी समजावलंच नाही. नुसतं टाकून दे म्हटलं.

११ जून
सरांना सांगितलं. दादाचं नाव घेऊन. माझा हात चुकला नव्हता, एवढंच मला सिद्ध करायचं होतं. सरांचा जीव भांड्यात पडला. जानेवारीचा आकडा रिपोर्टात गेला, मी सही केली. दादाला दुपारीच काढलं. तो रुमाल घडी करून खिशात ठेवून गेला, माझ्याकडे बघितलं नाही.

१९ जून
कृष्णपुऱ्याच्या पुलावर शालिनीवहिनी भेटली. म्हणाली, "हे एवढंच म्हणाले, शुभाने सांगितलं म्हणजे माझीच गलती असेल." मला तिथे उभं राहवेना. भाजी न घेताच घरी आले.

२ जुलै
ट्रक लागलेत. खोकी चढताहेत.
एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आमच्या मूळ अळ्या नऊ वर्षं ट्रेमध्येच वाढलेल्या, औषधाचा थेंब न पाहिलेल्या. त्या मरणारच. पण शेतातल्या? हे औषध नवं म्हणतात, पण जुन्यांच्याच घराण्यातलं. तसलं औषध शेतांत दहा वर्षं फवारतायत. तिथे वाचलेल्या अळ्या साबणाच्या पाण्यात कोण टाकतं? दादाने आमच्या ट्रेमध्ये चार महिने जे केलं, ते तिकडे आपोआप होत आलं असेल. तसं असेल तर औषध निकामी आहे, आणि दादाने काही बिघडवलंच नाही. त्याने आम्हाला वेळेवर दाखवून दिलं होतं.
सरांना म्हटलं, शेतातल्या अळ्यांवर एकदा चाचणी घेऊ. "रिपोर्ट जा चुकी है मॅडम. हा विषय आता बंद."

९ ऑगस्ट
सगळीकडे फवारणी सुरू. सर टूरवर आहेत. मी रजा टाकून सांवेरकडे गेले, एका शेतातून अळ्या स्वतः वेचून आणल्या. चाळीस. औषध आमच्याच खोक्यातलं.

१२ ऑगस्ट
नऊ मेल्या. बाकीच्या पानं खातायत.