या मृत्युपत्रात ‘तत्रैव’ नाही

लिहून ठेवतो मी, कुंडलिक चांगो शिद, वय ५४, धंदा टायपिंग व वकिलांच्या कागदांना तळटिपा लावणे, राहणार मुरबाड, मूळ गाव वैशाखरे. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही. टायपिंग शिकलो माझा मी, म्हणून हेही माझे मीच टाइप केले.

१. मुरबाडचे दोन खोल्यांचे पत्र्याचे घर माझ्या कमाईचे आहे.(१) ते माझ्यामागे ठकू भिमा मेंगाळ ऊर्फ ठकू कुंडलिक शिद, मूळ गाव टोकावडे, हिला पूर्ण मालकीने मिळावे. खटल्याचा दाखलाही पक्षकार, वर्ष, खंड, पान असा पुरता द्यावा लागतो, तसे नाव पुरते दिले आहे.

गेल्या शिमग्याला पुतण्या संदीप अंगणात म्हणाला, “काका, काकीशी तुमचं लगीन लागलंच नाय. साक्षीला कोण हाय?” ठकू भाकरी थापत होती. म्हणाली, “लगीन लावलं असतं तर तुझ्या बापाला जेवाय घालावं लागलं असतं. तो एकटाच पातेलं संपवतो रे!” सगळे हसले. मी हसलो नाही. संदीपचे खरे आहे. आमच्या जमातीत आधी नांदतात, ऐपत आली की लग्न लावतात. आमचे राहून गेले. म्हणून घर ‘पत्नी’ या शब्दावर देत नाही, नावावर देतो.

२. संगणक व प्रिंटर झेरॉक्सवाल्या रुपालीला. तळटिपेचे आकडे हाताने टाकू नयेत, संगणकालाच टाकू द्यावेत, एवढीच अट.

३. वकील किशोर यांनी मला दाखले द्यायला शिकवले. तो उपकार फिटणार नाही. ‘तत्रैव’ म्हणजे लगतच्या वरच्याच ठिकाणी. त्यांनी एकदा तयार कागदात ऐनवेळी नवा खटला घुसवला; खालचे सगळे ‘तत्रैव’ त्या खटल्याकडे वळले. न्यायाधीश साहेबांसमोर म्हणाले, “टायपिस्टची चूक.” राग गेला आहे, थोडा आहे. माझी लाल पेने त्यांना द्यावीत. पण त्या प्रकारामुळेच येथे कोणाचाही उल्लेख ‘तत्रैव’, ‘सदर’ किंवा ‘वरीलप्रमाणे’ असा केलेला नाही. मध्ये कोणी कलम घुसवले तरी घर ठकूकडून हलू नये.

४. सायकल संदीपला. त्याने विचारले नसते तर हे लिहिणे राहिले असते. त्याचे आभार.

तळटीप (सह्यांखालचा मजकूर वादात पडतो, म्हणून वर घेतली):
(१) आधार: घरपट्टी माझ्या नावे. तरी ‘माझ्या कमाईचे’ हे अर्धेच. टाइप केलेले दाखले तपासताना पक्षकारांची नावे मी वाचायचो, वर्ष आणि पान ठकू वाचायची. तिला आकडेच येतात. त्यात तिने चूक जाऊ दिली नाही.

कागद वाचून दाखवल्यावर ठकू म्हणाली, “मेंगाळ काढा. मी शिद हाय.” काढलेले नाही, ओळख पटली पाहिजे. बाकी तिचे म्हणणे मला मान्य आहे, म्हणून नोंदवले.

मुरबाड, दि. ९ जून २०२५
सही: कुंडलिक चांगो शिद

आमच्यादेखत सही केली, आम्हीही त्यांच्यादेखत केली:
सुदाम नवसू वाघ, टोकावडे
जैतू पारधी, वैशाखरे