पेनांगच्या चान मास्तरांचं नाव

प्रिय केशवराव,

तुम्ही हयात असताना आपली घरं पाऊण मैलावर होती, तेव्हा पत्र लिहायची वेळ आली नाही. आता पत्ता नाही, तर लिहायला बसलोय. माझं असंच. आयुष्यभर संस्कृत शिकवलं, पण योग्य वेळी योग्य वाक्य कधी सुचलं नाही.

निमित्त आमच्या हेडमास्तरांचं आहे. यंदाच्या स्नेहसंमेलनात मी शिकवलेली चाळीस मुलं तुमचा व्यायाम करून दाखवणार आहेत. कार्यक्रमपत्रिकेत छापलंय, ‘प्राचीन भारतीय संतुलनविद्या’, आणि खाली प्रवर्तक म्हणून माझं नाव! काल कच्चा कागद हातात पडला आणि जेवण गेलं नाही. तुम्हाला जाऊन तीन महिने झाले. निदान एवढं बघायला तुम्ही नाहीत, असं मनात आलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

आठवतं, मी तुमच्याकडे कसा आलो ते? कानात दुखणं शिरलं आणि अख्खं डहाणू रोड गाव गरगर फिरू लागलं. सरावलीहून शाळेत यायचो तो कुंपणाचा आधार घेत घेत. वर्गात खुर्चीचा हात सोडवत नसे. हेडमास्तर गोड आवाजात म्हणाले होते, “पंडित, विश्रांती घ्या. हवी तर कायमची घ्या.”

आणि तुम्ही, रेल्वेच्या गुड्स ऑफिसातले साधे बाबू, रोज सकाळी किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांत हवेला हळूहळू ढकलत उभे असायचात! अख्खं गाव हसत असे. चहावाला तर गुजरातीत विचारायचा, “केशवभाई, आ शुं करो छो? कबूतर पकडो छो?” तुम्ही पहिल्यांदा ‘ताई ची’ म्हणालात तेव्हा मीही ‘कोणाच्या ताईची?’ असं विचारलं होतं. त्या विनोदाबद्दल उशिरा का होईना, क्षमा.

तुम्ही मला पहिला प्रश्न काय विचारलात? “मास्तर, आत्ता वजन कुठं आहे?”

मी म्हटलं, “शरीरात.”

“चूक. तुमचं सगळं डोक्यात आहे. जरा टाचेत उतरू द्या.”

समत्व या विषयावर मी तासभर बोलू शकत होतो हो, पण एका पायावर चार श्वास उभं राहता येत नव्हतं! गुडघा सैल सोडायचा. एका पायातलं वजन दुसऱ्यात ओतायचं, भांड्यातलं पाणी सांडू न देता ओतावं तसं. हात हलवायचा नाही. कंबर वळली की तो आपसूक जातो. श्वास बेंबीखाली न्यायचा. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला आपल्याला तळपाय आहेत हा शोध लागणं शोभत नाही, पण मला लागला.

एकदा तुम्ही मला मालधक्क्यावर नेलंत. सायवनकडून आलेलं गवत वॅगनीत चढत होतं. डोक्यावर भारा घेऊन बाया अरुंद फळीवरून सरसर चढत होत्या. तुम्ही म्हणालात, “बघा, या सगळ्या पास झालेल्या.” मी फळीवर पाय ठेवला आणि खाली बघत थबकलो. मागून एक बाई ओरडली, “पायाकडं काय बघतोस रे मास्तर? पाय कुठं पळून जात नाय!” तुम्ही इतके हसलात की चष्मा पडला. त्या दिवशी मी फळी चढलो, आणि सहा महिन्यांत वर्गात उभा राहून शिकवू लागलो.

रोज सुरुवातीला तुम्ही समुद्राकडे पाठ करून उगवतीला वाकायचात. मला वाटलं, सूर्याला. तुम्ही म्हणालात, “नाही, चान मास्तरांना.” मलायातल्या पेनांगच्या गोदीत तुम्ही कारकून होतात, तेव्हा तुमच्या खोलीखालच्या मजल्यावर ते घड्याळं दुरुस्त करायचे. सुरुवातीला तुम्हाला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना तुमची. तरी सात वर्षं शिकवलं.

मग बासष्ट साल आलं. चीनशी लढाई सुरू झाली आणि बाजारात कुजबुज सुरू झाली, गुड्सचा बाबू रोज सकाळी चीनकडे तोंड करून नमस्कार करतो. साहेबांनी तुमच्याकडे लेखी खुलासा मागितला. नोकरी जायची वेळ आली. शाळेत सभा होती, फौजदार पहिल्या रांगेत. मी उठलो आणि ठणकावून सांगितलं, “ही विद्या आमचीच आहे. माझ्या आजोबांच्या पोथीत ती आहे. केशवराव माझ्याकडूनच शिकले!”

आजोबांच्या पोथ्या सगळ्या श्राद्धाच्या होत्या. पण टाळ्या पडल्या. चौकशी मिटली. तुम्ही तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसला होतात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही किनाऱ्यावर आला नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी क्वार्टरवर आलो.

“मास्तर, तुम्ही नोकरी वाचवलीत. उपकार विसरणार नाही.”

“मग येत का नाही?”

“येऊन नमस्कार कुणाला करू? तुमच्या आजोबांच्या पोथीला?” मग हलक्या आवाजात म्हणालात, “त्यांनी एकच मागितलं होतं हो. कुणाला शिकवशील, तेव्हा माझं नाव सांग.”

मी पाठशाळेत वाढलो, केशवराव. पाठ सुरू करण्याआधी आम्ही गुरूचं, त्याच्या गुरूचं, त्याच्याही गुरूचं नाव घेत असू. एक नाव गाळलं तर छडी बसे. आणि मीच तुमची परंपरा मधूनच कापली, वर स्वतःचा आजोबा जोडून दिला! तुम्हाला वाचवायला, असं चार वर्षं स्वतःला सांगत आलो. तेव्हा ते खरं होतं. पण लढाई संपल्यावर काय अडलं होतं? टाळ्या गोड लागल्या होत्या, दुसरं काही नाही.

परवा वहिनी म्हणाल्या, “करत होते की रोज. दार लावून. फडताळाला हात लागायचा म्हणून कोपर दुमडून घ्यायचे.” मला वाटत होतं तुम्ही सोडून दिलं! दहा बाय बाराच्या खोलीत, कोठी आणि खाटेच्या मधे, चार वर्षं? आणि मी बाहेर मोकळ्या वाळूवर, तुमच्या जागी. एकदा दार ठोठावून विचारलं असतं तर? तुम्ही तरी रागावून एक शिवी का नाही दिलीत? तुमच्या सभ्यपणाचा मला फार त्रास होतो.

आज सकाळी हेडमास्तरांकडे गेलो. कागदावरचं मथळ्याचं नाव खोडलं, माझंही खोडून तिथं चान मास्तरांचं लिहिलं. ते म्हणाले, “पंडित, पाहुणे येणार आहेत. चिनी नाव लिहिलं तर लोक काय म्हणतील? आणि तुमची ती पोथी?”

मी म्हटलं, “पोथी नव्हतीच. मी खोटं बोललो.” त्यांनी तो कागद खणात टाकला. पत्रिका नव्याने छापायची की कार्यक्रमच रद्द करायचा, ते अजून ठरलेलं नाही.

काहीही ठरो, वचन देतो. पत्रिका छापली नाही तरी, संमेलनातून कार्यक्रमच काढला तरी, ज्या मुलाला मी यापुढे पहिलं पाऊल शिकवीन त्याला आधी तीन नावं म्हणायला लावीन: पेनांगचे चान मास्तर, त्यांचे शिष्य केशवराव, आणि त्यानंतर मी. आणि कुणी पोथीबद्दल विचारलं, तर ती गोष्टही पूर्ण सांगीन, टाळ्यांसकट.

तुमचा शिष्य (हे पूर्वीच लिहायला हवं होतं),
पंडित मास्तर
सरावली